तेवीस नंबरची रेघ

ज्या घरात तीन माणसं दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधत बसतात, त्या घरात किस्से साठतातच. मोरीच्या जाळीवर शितं अडकतात तसे. काढून टाकावेत म्हटलं तर कुणीतरी चहाला येतं, मी एक सांगते आणि त्याला चिकटून दुसरा येतो. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते, माझी नात अश्विनी टाइप करते. पदरचं एक अक्षर घालायचं नाही आणि माझं एक गाळायचं नाही, असं तिला बजावलंय. तिची स्वतःची चूक जिथे येईल तिथेसुद्धा.

*

काळाचौकीच्या आमच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल होतं. सकाळी दहाला बसायची ती पाठ मोडेपर्यंत. एकदा मी विचारलं, “तू करतेस काय गं नक्की?”

“कागद बदलते, आजी. जुन्या सॉफ्टवेअरमधला कागद नव्यात उघडत नाही. आमचं सॉफ्टवेअर तो नव्यात आणून देतं. फुकट. कुणीही वापरा, कुणीही आत शिरून दुरुस्त करा.”

“म्हणजे बिऱ्हाड हलवायचं काम.”

“हो, तसंच.”

“मग नव्या दारातून कपाट आत गेलं नाही तर?”

“तर जिन्यातच ठेवतो.”

“घरवाल्याला सांगता?”

“नाही. शेवटी हिरवी टिक येते. काम पूर्ण.”

“छान,” मी म्हटलं. “कपाट जिन्यात आणि टिक हिरवी.”

तिला ते लागलं. पण टिक तिची नव्हती. या कामाचा मुकादम कुठल्यातरी बर्फाच्या देशात राहतो. नाव हेन्रिक, आमच्या घरात हेन्रीभाऊ. त्याचं म्हणणं, जे आणता येत नाही ते गुपचूप सोडून द्यावं. लोकांना सूचना वाचायचा कंटाळा येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

अश्विनीनं त्याला लिहिलं, “ज्याचं असतं त्याच्या येतं.”

त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. वर केलेला.

*

साठेकाका हे अश्विनीच्या मैत्रिणीचे मामा. गिरगावात एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं वाचली. छापखाना बंद झाला, डोळ्यांची सवय काही बंद झाली नाही. घरात औषधाच्या बाटल्यांवरच्या चुका काढायला लागले, तेव्हा भाचीनं त्यांना आमच्याकडे पाठवलं. आठवड्यातून तीन दुपारी यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, साखर कमी घ्यायचे.

त्यांची पद्धत छापखान्याची. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नव्या कागदावर बोट ठेवून बघायचं. नुसता मजकूर नाही, सगळं वाचायचं. “स्वल्पविराम. जाड अक्षर. नवीन ओळ.” ओळ जुळली की म्हणायचे, “बरोबर. पुढे.” त्याशिवाय बोट खाली सरकायचं नाही.

शेजारच्या तेवीस नंबरमधली जानकी पहिल्या दिवशी आवाज ऐकून आली आणि दारात हात जोडून बसली. जानकी मालवणकडची. नवरा शांताराम गिरणीतला, तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. माझी दुपारची सोबतीण तीच. अर्धा तास तिनं विम्याचा अर्ज भक्तीनं ऐकला. मग माझ्याकडे वाकून म्हणाली, “गो बाय, ह्या खंयचा पुराण? देव अजून इलो नाय.”

*

लोक तक्रारी पाठवतात, सोबत बिघडलेला कागद पाठवतात. एकदा दादरहून एका माणसाची तक्रार आली. वडील गेले होते. तेराव्याचं कार्ड त्यानं वडिलांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर केलं होतं. वर चौकटीत वडिलांचा फोटो, त्याखाली ते गेल्याची बातमी, आणि चौकटीच्या बाहेर दिवस, हॉलचं नाव, दुपारी बारा वाजता जेवणास अवश्य यावे.

आमच्या सॉफ्टवेअरला ती चौकट उचलता येत नव्हती. चौकट राहिली जिन्यात, फोटोसकट, बातमीसकट. दिवस, हॉल आणि जेवण तेवढं पोचलं. त्याच्या बायकोनं न बघता ते फोनवरून सगळ्यांना पाठवलं.

तक्रारीत त्यानं शिव्या दिल्या नव्हत्या. एवढंच लिहिलं होतं की आत्या पुण्याहून जरीची साडी नेसून आली, आणि हॉलच्या दारात तिला कुणी सांगावं यावरून आम्हा भावंडांत भांडण झालं.

साठेकाकांनी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, “पत्रात एकही चूक नाही.”

*

शिवाजी पार्कजवळचे एक रिटायर्ड गृहस्थ. बायकोच्या औषधांचा तक्ता स्वतः टाइप करायचे. मुलानं तो फोनवर दिसावा म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमधून काढून दिला. तक्त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, रोज अर्धी गोळी. ‘अर्धी’ हा शब्द नव्हता, वर एक, मधे आडवी रेघ, खाली दोन, असा गणितातला अर्धा त्यांनी हौसेनं घातला होता. तो आला नाही. राहिलं ‘रोज गोळी’. वाचायला कुठेही अडखळत नाही, हीच तर गोम.

चौथ्या दिवशी बाई झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. डॉक्टरनं वेळेवर विचारलं म्हणून निभावलं.

गृहस्थांची तक्रार तीन शब्दांची होती. “अर्धा कुठे गेला?”

अश्विनीनं ते तीन शब्द कागदावर लिहून टेबलासमोर भिंतीला चिकटवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी घर सोडून गेलंय.

*

आता मी यात कशी पडले ते सांगते. एका दुपारी दोघांनी एक पान अथपासून इतिपर्यंत तपासलं. बरोबर, पुढे, बरोबर, पुढे. मी शेजारी बसून कोळंबी सोलत होते. दोन्ही पानं माझ्या समोरच होती. मी म्हटलं, “ह्या पानाला खाली कोपऱ्यात एक ठिपका होता. त्या पानाला नाही.”

साठेकाकांनी चष्मा पुसून बघितलं. ठिपका नव्हता, चांदणी होती. ‘अटी लागू’ची चांदणी.

“वहिनी, तुम्हाला कसं दिसलं?”

“तुम्ही वाचत होता,” मी म्हटलं. “मी बघत होते.”

यात काही मोठेपणा नाही. मी गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. समोर एवढे धागे पळत असतात, धाग्यावर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. कुठला तुटला तेवढं दिसलं पाहिजे. वाचता येणाऱ्याचं डोकं गळलेलं अक्षर स्वतःच भरून घेतं आणि पुढे जातं. माझ्या डोक्यात भरायला अक्षरच नाही.

तेव्हापासून मी शेवटची परीक्षा. अश्विनीनं नियम केला. आजी जो फरक दाखवेल तो लिहून घ्यायचा, का म्हणून विचारायचं नाही, आजीनंही का ते सांगायचं नाही. मी माणसं बघत नाही, मजकूर बघत नाही, आकार बघते. अमक्या ओळीत जास्त, तमक्या ओळीत कमी. बस.

*

पण मी बघायला बसण्याच्या आधीच एक कागद आमच्या घरातून निघून गेला होता.

आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. कुणाची कुठली खोली, त्याची यादी बिल्डरच्या ऑफिसला नव्या पद्धतीत हवी होती. चाळीचा सेक्रेटरी परब यादी घेऊन अश्विनीकडे आला. “तुझं फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना? दे बदलून.”

आमच्या चाळीची एक रीत आहे. मेलेल्याचं नाव पुसायचं नाही. परबचा बाप सेक्रेटरी होता तेव्हा वहीत नावावर लाल शाईनं रेघ मारायचा, ती पण अशी, की खालचं नाव दिसलं पाहिजे. वारसाचं नाव बाजूला समासात. परबनं कॉम्प्युटरवर तेच चालू ठेवलं. नावावर आडवी रेघ, बाजूला टीप.

सॉफ्टवेअरनं रेघाही सोडल्या आणि टिपाही. हिरवी टिक आली. अश्विनीनं वर-वर बघितलं, सगळी नावं दिसत होती. नावं तर असणारच. परबनं कमिटीच्या सह्या घेतल्या आणि यादी दिली. चाळीतले सगळे मेलेले एका दुपारी जिवंत झाले.

ज्यांना मुलगे होते त्यांच्या मुलांनी खेटे घालून आपापलं नीट करून घेतलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच घरचा कागद चुकलाय. जानकीसाठी खेटे घालणारं कुणी नव्हतं. तिला कळलं ते ऑफिसनं चिठ्ठी पाठवली तेव्हा. खोली नंबर तेवीस, शांताराम, यांनी पंधरा दिवसांत स्वतः हजर राहून सही करावी. नाहीतर खोलीवर हक्क नाही.

मी तिच्याबरोबर गेले. टेबलावरचा मुलगा म्हणाला, “मावशी, मालकांना घेऊन या.”

जानकीनं पिशवीतून शांतारामचा फोटो काढला. हारासकट आणला होता.

“फोटो नाही चालणार. सही लागते.”

जानकीनं फोटो परत पिशवीत घातला. मग म्हणाली, “तेका हाडूक माकाच थंय जावचा लागतला. जाव?”

त्याला आणायला तिलाच तिकडे जावं लागेल, जाऊ का, ही मालवणी मुलाला कळली नाही. त्यानं “हो, जाऊन या,” म्हणून सांगितलं.

*

मृत्यूचा दाखला होता, रेशनकार्ड होतं. ऑफिस म्हणायचं, तुमच्याच कमिटीची सहीची यादी सांगते की माणूस जिवंत आहे, आधी यादी दुरुस्त करून आणा. कमिटी म्हणायची, मूळ यादी दाखवा, नाहीतर उद्या ज्याला हवं तो येऊन नाव घालेल. मूळ यादी परबच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती आणि कॉम्प्युटर भंगारात गेला होता.

अश्विनीनं तिच्याकडची मूळ प्रत पुसून टाकली होती. दुसऱ्याच्या घरची नावं आपल्याकडे ठेवायची नाहीत, हा तिचा नियम. पण यादी लांब होती, सॉफ्टवेअरच्या परीक्षेला चांगली, म्हणून तिनं एक नमुना करून ठेवला होता. नमुने सगळ्या जगाला दिसतात. त्यामुळे त्यातली माणसांची नावं काढून तिनं माशांची घातली होती. बाकी जशीच्या तशी. तेवढ्या ओळी, तेवढ्या रेघा, तेवढ्या टिपा.

अकरा दिवस गेले होते. चार उरले होते.

गणपतीच्या मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये कमिटी बसली. पाचजण. जानकी माझ्या मागे, पदर तोंडाला लावून. साठेकाका गिरगावातून टॅक्सी करून आले. उभे राहिले आणि छापखान्याच्या आवाजात सुरू झाले.

“खोली एक. पापलेट.”

“तावडे,” मी म्हटलं. “जिवंत आहे, समोर बसलाय.”

“बरोबर. पुढे. खोली दोन. सुरमई. नावावर रेघ.”

“राणे. गिरणीचा संप चालू होता तेव्हा गेला. त्याच्या मयताला लाकडं वर्गणीतून आणली.”

“बरोबर. पुढे. खोली तीन. रावस. रेघ. बाजूला टीप, वारस, मुलगा.”

“घाडी. जिन्यावर पडला. मुलगा गोरेगावला.”

पहिल्या चार ओळींना कमिटीतले दोघे हसत होते. खोली नऊला बांगडा आला, रेघेसकट.

“तुझा बाप, सदा,” मी म्हटलं.

सदा कमिटीचा अध्यक्ष. त्यानंतर कुणी हसलं नाही.

तेविसाव्या ओळीला साठेकाका म्हणाले, “हलवा. नावावर रेघ. टीप, वारस, पत्नी मांदेली.”

“शांताराम,” मी म्हटलं. “फुफ्फुसात कापूस. केईएमला न्यायचा तर खाटेवरून उतरवताना संपला. मांदेली ही माझ्या मागे बसलीय.”

शेवटच्या खोलीपर्यंत वाचलं. जिथे रेघ तिथे मेलेला. एकही ओळ चुकली नाही. सदानं पाणी मागितलं, प्यायला आणि परबला म्हणाला, “लिहा जानकीकाकूंचं नाव. सह्या करतो.”

बाहेर आल्यावर जानकी अश्विनीला म्हणाली, “तेका हलवो केलंस ता बरा केलंस. जितो असताना सुको बोंबील होतो.”

*

अश्विनीनं हे सगळं हेन्रीभाऊला लिहिलं. माशांसकट. चार दिवसांनी उत्तर आलं, “मला माहीत नव्हतं.” या वेळी अंगठा नव्हता.

त्यानंतर रेघा आणि टिपा आणायचं काम झालं. जे अजूनही येत नाही तिथे आता पिवळा चौकोन येतो. त्यात लिहिलेलं असतं, इथे काहीतरी होतं, मला आणता आलं नाही. आणि असा एक जरी चौकोन असला तरी हिरवी टिक येत नाही.

लोक चिडले. पूर्वी चांगलं चालायचं, आता तुम्ही बिघडवलं, अशा तक्रारी. एकानं लिहिलं, पिवळे चौकोन बंद करायचं बटण द्या. साठेकाका म्हणाले, “जिन्यातलं कपाट दिसतंय म्हणून जिनाच झाका म्हणतोय.”

बटण दिलं नाही. आणि माशांची यादी पहिली परीक्षा झाली. जगात कुठेही, कुणीही त्या सॉफ्टवेअरला हात लावला तरी आधी ती यादी पास व्हावी लागते. बर्फाच्या देशात रोज सकाळी शांतारामवरची रेघ तपासली जाते. त्याच्या हयातीत त्याची एवढी चौकशी कुणी केली नाही.

*

मग चाळ रिकामी झाली. आम्ही परळला भाड्याच्या जागेत आलो. जानकी गावी गेली, भाचीकडे. जाताना खोलीचं कुलूप मला दिलं. खोली उरली नव्हती, पण कुलूप चांगलं होतं. म्हणाली, नव्या घराक ह्याच लावतलंय.

टॉवर सावकाश वर चढतोय. ऑफिस दर वर्षी नव्यानं यादी मागतं. आता कोण आहे, कोण नाही. परब अजून जुन्या पद्धतीनेच यादी करतो, नावावर रेघ, बाजूला टीप, आणि अश्विनीकडे पाठवतो.

यंदाही पाठवली. अश्विनीनं ती बदलून छापली आणि टेबलावर गेल्या वर्षीचं छापलेलं पान आणि यंदाचं पान शेजारी-शेजारी ठेवलं. कुठल्या ओळीत काही गळलंय का, तेवढं बघायचं होतं. पिवळा चौकोन एकही नव्हता. हिरवी टिक होती. दुपारचे तीन वाजले असतील. साठेकाका आले होते, चहा ओतला होता.

मी वरून खाली आले. आकार बघत. ओळीमागून ओळ. एका ठिकाणी थांबले, मागे गेले, पुन्हा आले.

“इथे जास्त आलंय,” मी म्हटलं.

“काय, आजी?”

“रेघ. गेल्या वर्षी ह्या ओळीत एक नाव खोडलेलं होतं, त्याच्या बाजूचं मोकळं होतं. आता दोन्हीवर रेघ आहे. एक जास्त ओढली तुमच्या मशीननं.”

अश्विनीनं पान घेतलं नाही. तिनं लांबूनच बघितलं.

“कितवी ओळ?”

मी वरून बोट ठेवत मोजलं. “तेविसावी.”

परबनं पाठवलेला मूळ कागद तिच्या समोर स्क्रीनवर उघडाच होता. तिनं तो साठेकाकांकडे वळवला.

“लिहून घे ना,” मी म्हटलं. “फरक आहे तर लिहायचा. तुझाच नियम.”

तिनं पेन उचललं होतं. ते तसंच हातात राहिलं.

साठेकाकांनी चष्मा लावला. स्क्रीनवर बघितलं, मग माझ्या बोटाखालच्या ओळीवर बघितलं. छापखान्याच्या आवाजात, पण हळू वाचलं.

“खोली तेवीस. दोन्ही नावांवर रेघ. बरोबर.”

पुढे, असं ते म्हणाले नाहीत.